घरचें मत्स्यालय आणि अतिनील दिवा



दिवाणखान्याच्या एखाद्या कोपऱ्यांत कांचेची टांकी मांडून तींत मासे पाळण्याची हौस आपल्या शहरांतून आतां चांगलीच रुजली आहे. ह्या हौसेबरोबर एक चिंताही घरांत येते, आणि ती म्हणजे पाण्याची. परवांपर्यंत निवळशंख असलेलें पाणी चार दिवसांत पालेभाजी धुतल्यासारखें हिरवें होतें. कधीं पाणी निवळ असूनही माशांच्या अंगावर रव्याचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसूं लागतात, आणि पाहतां पाहतां टांकी अर्धी रिकामी होते. अशा वेळीं दुकानदार एक लांबट काळी नळी आपल्यापुढें करतो. तींत निळसर दिवा असतो. 'हा लावा, म्हणजे सगळे जंतु मरतील,' असें तो सांगतो. हें सांगणें कितपत खरें आणि कितपत अपुरें आहे, ह्याचा विचार आज करावयाचा आहे. कारण ह्या दिव्यावर नको तितका विश्वास टाकला तर पैसे वायां जातात तें जातातच, पण आपल्यावर सर्वस्वीं अवलंबून असलेले मुके जीवही प्राणास मुकतात.

एक गोष्ट आरंभींच सांगून ठेवतों. हा दिवा आपल्या पुढून जाणाऱ्या पाण्यावर काम करतो. जें त्याच्या पुढून जात नाहीं, त्यावर त्याची कांहींही सत्ता चालत नाहीं. त्याचे सारे गुण आणि साऱ्या उणिवा ह्या एकाच गोष्टींतून निघतात.

प्रथम ह्या किरणांची ओळख करून घेऊं. सूर्यप्रकाश लोलकांतून जाऊं दिला म्हणजे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा उमटतो, हें आपण शाळेंत शिकलेलों असतों. १८०१ सालीं जर्मनींतील येना येथें योहान विल्हेल्म रिटर ह्या शास्त्रज्ञानें ह्या पट्ट्यांत चांदीच्या क्षारानें माखलेला कागद धरला. तेव्हां जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांना कांहींच दिसत नाहीं, तेथेंच तो कागद सर्वांत लवकर काळा पडला. तेथें न दिसणारे परंतु काम करणारे किरण आहेत, हें त्यावरून सिद्ध झालें. ह्यांनाच मराठी विश्वकोशांत जंबुपार किरण म्हटलें आहे. शाळेच्या पुस्तकांतून अतिनील हें नांव रूढ आहे. पुढें १८७७ सालीं इंग्लंडांत डाउन्स व ब्लंट यांनीं दाखवून दिलें कीं, नळींतील द्रव उन्हांत ठेवला असतां त्यांत जंतूंची वाढ होत नाहीं, आणि हा गुण मुख्यत्वें पट्ट्याच्या निळ्या-जांभळ्या टोकाकडील किरणांचा आहे. डेन्मार्कचे डॉ. नील्स फिन्सेन यांनीं त्वचेच्या क्षयावर प्रकाशकिरणांचा उपचार केला व त्याबद्दल त्यांना १९०३ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. १९१० सालीं फ्रान्समधील मार्सेय शहरांत पिण्याचें पाणी पाऱ्याच्या दिव्यांनीं निर्जंतुक करून पाहण्यांत आलें. आपल्या टांकीजवळची काळी नळी ही त्याच यंत्राची दूरची धाकटी बहीण होय.

आतां हे किरण जंतूला मारतात म्हणजे करतात तरी काय? प्रकाशाच्या लहरींची लांबी नॅनोमीटरांत मोजतात. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. डोळ्यांना दिसणारा जांभळा प्रकाश सुमारें ४०० नॅनोमीटरपाशीं संपतो; जंतूंना विशेष घातक असे किरण २६० नॅनोमीटरच्या आसपास असतात. सूर्यापासून निघालेला हा भाग वातावरणांतील ओझोन वाटेंतच शोषून घेतो, म्हणून पृथ्वीवरील जीवांना त्याची संवय नाहीं. १९३० सालीं फ्रेडरिक गेट्स यांनीं दाखविलें कीं, जे किरण जंतूंना अधिक मारतात तेच किरण पेशींतील केंद्रकाम्लांचे घटक अधिक शोषतात. त्याचा खुलासा पुढें कांहीं दशकांनीं झाला. जीवाच्या वाढीचा सारा आराखडा डी. एन. ए. नांवाच्या लांबलचक रेणूंत साठविलेला असतो. त्यांत थायमिन नांवाचे घटक कोठें कोठें शेजारीं शेजारीं बसलेले असतात, आणि किरणाच्या आघातानें असे दोन शेजारी एकमेकांस चिकटतात. पोथीचीं दोन पानें खळीनें चिकटलीं म्हणजे नक्कल करणारा लेखक जसा अडतो, तशी पेशीचीही नक्कल अडते. जंतु तत्काळ मरतोच असें नाहीं. परंतु त्याची संतति थांबते, आणि ज्या जंतूला संतति नाहीं त्यापासून भय नाहीं.

मात्र मार हलका बसला तर जंतु सांवरतो. १९४९ सालीं आल्बर्ट केल्नर यांस असें आढळलें कीं, अतिनील किरणांनीं घायाळ झालेले सूक्ष्म जीव नंतर साध्या, दृश्य प्रकाशांत ठेवले तर त्यांतील पुष्कळ पुनः वाढूं लागतात. आपल्या टांकीवर तर शोभेचा दिवा रोज कित्येक तास जळत असतो! म्हणून किरणांची मात्रा अर्धवट असून चालत नाहीं.

मात्रा म्हणजे किरणांची तीव्रता आणि पाणी त्यांच्या पुढें किती वेळ राहिलें, ह्यांचा गुणाकार. दर चौरस सेंटिमीटरला इतके मिलिज्यूल, अशी ती मोजतात. मनुष्याच्या आंतड्यांतील सामान्य जंतूंपैकीं हजारांत नऊशें नव्याण्णव निकामी होण्यास दहाहून कमी मात्रा पुरते. पिण्याच्या पाण्याच्या मोठ्या यंत्रांसाठीं अनेक ठिकाणीं ४० ही मात्रा प्रमाण मानतात. माशांना पछाडणाऱ्या एकपेशीय परोपजीवी प्राण्यांसाठीं ह्याहूनही पुष्कळ अधिक मात्रा लागते. तेव्हां 'जंतु मारणारा दिवा' एवढ्या वर्णनानें कांहींच कळत नाहीं. कोणता जंतु, हा प्रश्न आधीं विचारावयास हवा.

यंत्राची रचना साधी असते. मध्यभागीं कमी दाबाच्या पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो, आणि त्याच्या किरणांत २५४ नॅनोमीटरचा किरण प्रमुख असतो. दिव्याभोंवतीं क्वार्ट्झ म्हणजे शुद्ध गारेची नळी असते, कारण खिडकीची साधी कांच हे किरण जवळजवळ पूर्णपणें अडविते. त्याच्या बाहेर अपारदर्शक आवरण असतें. क्वार्ट्झची नळी आणि हें आवरण यांच्यामधील अरुंद जागेंतून पंपानें ढकललेलें पाणी वाहत जाऊन टांकींत परत पडतें.

'टांकींत परत पडतें' हे शब्द कृपा करून ध्यानांत ठेवावे. आपल्यापैकीं अनेकांच्या स्वयंपाकघरांत पिण्याचें पाणी शुद्ध करणारें यंत्र असतें, आणि पुष्कळ यंत्रांत असाच अतिनील दिवा असतो. तेथें पाणी एका बाजूनें येतें, दिव्यापुढून जातें आणि सरळ पेल्यांत पडतें. तें मागें फिरत नाहीं. मुंबईंत जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ डॉ. अशोक गाडगीळ यांनीं १९९२-९३ सालीं भारतांत पसरलेल्या नव्या जातीच्या पटकीनंतर, अमेरिकेंतील बर्कली येथील प्रयोगशाळेंत, खेड्यांना परवडेल असें अतिनील यंत्र बनविलें. त्यांत दिवा पाण्याच्या वर टांगलेला असून मिनिटाला सुमारें १५ लिटर पाणी त्याखालून वाहत जातें. तेथेंही पाण्याची वाट एकाच दिशेची आहे. मत्स्यालयांत मात्र शुद्ध झालेलें पाणी, जेथें जंतु वाढत आहेत तेथेंच पुनः मिसळतें. शिवाय क्लोरीनसारखा कांहीं अंश ह्या किरणांमागें पाण्यांत उरत नाहीं. नळीबाहेर पडलेलें पाणी निर्विष असतें खरें, पण तें निःशस्त्रही असतें.

ह्याचा हिशेब करून पाहूं. समजा, आपली टांकी १०० लिटरची आहे आणि पंप तासाला २०० लिटर पाणी दिव्यापुढून नेतो. अर्ध्या तासांत १०० लिटर पाणी नळींतून गेलें, तेव्हां सगळी टांकी शुद्ध झाली असें वाटणें साहजिक आहे. परंतु शुद्ध पाणी अशुद्ध पाण्यांत मिसळत राहतें, आणि पंप पुढच्या खेपेस त्यांतलेंच कांहीं पुनः ओढून घेतो. त्यामुळें अर्ध्या तासानंतरही सुमारें ३७ लिटर पाणी एकदांही दिव्यापुढून गेलेलें नसतें. एका तासानंतर असें सुमारें १४ लिटर पाणी उरतें, दीड तासानंतर ५ लिटर. आंकडा झपाट्यानें उतरतो, पण शून्यावर येत नाहीं. म्हणून ह्या दिव्याला 'निर्जंतुक करणारा' म्हणण्याची जी रूढि आहे ती टांकीपुरती तरी खरी नाहीं. तो जंतूंची संख्या दाबून धरतो, इतकेंच म्हणतां येईल.

मग त्याचा उपयोग कोठें होतो? हिरव्या पाण्यावर तो फार चांगला होतो. पाणी हिरवें होतें तें त्यांत तरंगणाऱ्या असंख्य एकपेशीय शेवाळामुळें. हें शेवाळ कोठेंही चिकटून बसत नाहीं. पाणी जाईल तिकडे तें जातें, आणि म्हणून आज ना उद्यां त्याला नळींतून जावेंच लागतें. तें ज्या वेगानें वाढतें त्याहून अधिक वेगानें दिवा त्याला निकामी करीत गेला, कीं कांहीं दिवसांत पाणी निवळतें. मात्र कांचेवर, दगडांवर आणि रोपांच्या पानांवर चढलेलें शेवाळ होतें तसेंच राहतें. तसेंच, मेलेलें शेवाळ कुजतांना पाण्यांतील प्राणवायु खर्च होतो, म्हणून त्या दिवसांत हवेचा पंप जोरांत चालूं ठेवावा व गाळणींतील कापूस वरचेवर धुवावा. आणखी असें कीं, शेवाळ ज्या कारणांनीं वाढलें तीं कारणें दिवा दूर करीत नाहीं. टांकीवर खिडकींतून पडणारें ऊन, बारा-बारा तास जळणारा शोभेचा दिवा, आणि माशांना घांस घांस म्हणून लहानांपासून थोरांपर्यंत सर्वांनीं टाकलेलें जादा खाद्य, हीं तीं कारणें होत. तीं तशींच ठेवलीं तर अतिनील दिवा बंद पडतांच हिरवा रंग परत येतो.

आतां दुसरें उदाहरण घेऊं, तें पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचें. गोड्या पाण्यांतील माशांचा हा फार जुना वैरी असून त्याचें शास्त्रीय नांव इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस असें आहे. ह्या एकपेशीय प्राण्याच्या आयुष्यांत तीन अवस्था येतात. पहिल्या अवस्थेंत तो माशाच्या त्वचेच्या आंत शिरून तेथें पोसतो; आपल्याला दिसणारा पांढरा ठिपका तो हाच. दुसऱ्या अवस्थेंत तो माशाला सोडून तळाशीं वाळूवर किंवा पानावर चिकटतो, स्वतःभोंवतीं कोश करतो आणि आंतल्या आंत विभागत जाऊन त्याचीं शेंकडों पिलें होतात. तिसऱ्या अवस्थेंत हीं पिलें कोश फोडून पाण्यांत पोहत नवा मासा शोधूं लागतात. एक-दोन दिवसांत मासा सांपडला नाहीं तर तीं बहुधा मरून जातात. पाण्याचें तपमान २५ अंशांच्या आसपास असलें तर हें सारें चक्र आठवड्याच्या आंतही पुरें होऊं शकतें.

ह्या तीन अवस्थांपैकीं दिव्याच्या हातीं एकच लागते, ती शेवटची. त्वचेंतील ठिपका दिव्यापुढें येत नाहीं आणि वाळूवरील कोशही येत नाहीं. पोहणाऱ्या पिलांपैकीं कांहीं पंपांत ओढलीं जातील हें खरें. परंतु त्यांचें भक्ष्य त्याच टांकींत, वीतभर अंतरावर आहे. नळीचें तोंड गांठण्यापूर्वींच अनेक पिलें माशाला गांठतात. म्हणून रोग जडलेल्या टांकींत केवळ दिवा लावून स्वस्थ बसणें म्हणजे माशांना दैवावर सोडणें होय. तेथें औषधोपचारच केला पाहिजे. एका टांकींतील पाणी दुसरींत जात असेल तेव्हां मात्र दिव्याचें मोल फार वाढतें. १९८३ सालीं ग्रॅट्झेक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, अनेक टांक्यांतून फिरणाऱ्या सामाईक पाण्याला अतिनील किरणांची पुरेशी मात्रा दिली असतां हा रोग एका टांकींतून दुसऱ्या टांकींत जाणें थांबलें. तेथें जंतूला दिव्यावांचून दुसरी वाटच नव्हती. दुकानदार व मत्स्यपालक ह्या दिव्याचे गोडवे गातात तें खोटें नाहीं. त्यांच्याकडे पाण्याच्या वाटेवर शेजारी शेजारी टांक्या असतात. आपल्या घरीं बहुधा एकच टांकी असते.

ह्या नियमाची एक बाजू आपल्याला अनुकूलही आहे. माशांच्या विष्ठेपासून व उरलेल्या खाद्यापासून अमोनिया निर्माण होतो, आणि तो माशांना विषासारखा आहे. गाळणीच्या स्पंजावर व वाळूवर वस्ती करून राहणारे उपयोगी जीवाणु ह्या अमोनियाचें आधीं नायट्राइट व मग त्याहून पुष्कळ सौम्य असें नायट्रेट बनवितात. अतिनील दिवा ह्या मित्रांनाही मारील कीं काय, अशी शंका अनेकजण विचारतात. ते चिकटून राहणारे असल्यामुळें दिव्यापुढें येत नाहींत व सुरक्षित राहतात. मात्र बाटलींतील जीवाणु नुकतेच पाण्यांत सोडले असतील, तर ते बूड धरीपर्यंत दिवा बंद ठेवावा. दिवा स्वतः अमोनिया कमी करीत नाहीं, नायट्रेट काढीत नाहीं, आणि नळाच्या पाण्यांतील क्लोरीन घालविण्याच्या कामींही त्यावर विसंबूं नये. छायाचित्रें धुण्यास वापरीत तो हायपो नांवाचा क्षार त्यासाठीं दुकानांत मिळतो. दर आठवड्यास टांकीतील पांचवा-चौथा हिस्सा पाणी बदलण्याचें काम दिवा असला तरी आपल्याच माथीं राहतें.

दिवा घेतलाच, तर तो लावण्याच्या कांहीं रीती आहेत. पाणी आधीं गाळणींतून जावें व मग दिव्यापुढें यावें, कारण गढूळ पाण्यांतील कणांच्या आड जंतु लपतात. लांकडाच्या ओंडक्यानें चहासारखें पिंवळें झालेलें पाणी निवळ दिसलें तरी किरण शोषून घेतें, हेंही लक्षांत असावें. पाण्याचा वेग यंत्रावर लिहिलेल्या मर्यादेंत ठेवावा. वेग फार झाला तर मात्रा अपुरी पडते. फार मंद झाला तर मात्रा भरपूर मिळते, पण दिवसभरांत थोडेंच पाणी दिव्यापुढून जातें. क्वार्ट्झच्या नळीवर क्षारांचा पांढरा थर बसतो, तो काढून ती वरचेवर स्वच्छ करावी. दिव्याचें आयुष्य सुमारें ८,००० ते ९,००० तास असतें, म्हणजे अहोरात्र चालविला तर एक वर्ष. वर्षानंतरही तो निळा दिसत राहतो, आणि येथेंच पुष्कळांची फसगत होते. तो निळा रंग म्हणजे पाऱ्याचा दृश्य प्रकाश. जंतु मारणारा किरण अदृश्य असतो आणि तो आधींच क्षीण झालेला असतो. खर्चाचें म्हणाल तर ९ वॅटचा दिवा अहोरात्र चालविल्यास महिन्याला सुमारें साडेसहा युनिट वीज लागते. वर्षाकांठीं नवा दिवा घ्यावा लागतो, तो खर्च निराळा.

माशांना औषध देतांना दिवा बंद ठेवावा, कारण मॅलाकाइट ग्रीन, मेथिलीन ब्ल्यू यांसारखीं औषधें ह्या किरणांनीं बिघडतात. रोपांच्या खतांतील लोहाचेंही तेंच होतें. कोणी माशांची पैदास करीत असेल, तर त्यानें हा दिवा पिलांच्या टांकीस लावूं नये. नुकतीं जन्मलेलीं बारीक पिलें पाण्यांत तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवरच पोसतात, आणि जाणते पालक त्यांच्यासाठीं हिरवें पाणी मुद्दाम तयार करतात. जें दिवाणखान्यांत दोष तेंच पाळणाघरांत अन्न!

आणि सर्वांत महत्त्वाची सूचना घरांतील माणसांसाठीं. पेटलेल्या उघड्या दिव्याकडे क्षणभरही पाहूं नये. ह्या किरणांनीं डोळ्याच्या बुबुळाचा पडदा भाजतो. तत्काळ कांहीं जाणवत नाहीं, पण कांहीं तासांनीं डोळ्यांत वाळू गेल्यासारखी वेदना सुरू होते. त्वचाही भाजते. म्हणून आवरण उघडण्यापूर्वीं विजेचें बटण बंद करून खुंटी उपटावी, मुलांना जवळ येऊं देऊं नये, आणि आवरण नसलेला दिवा कधींही थेट टांकींत सोडूं नये. दिवा फुटला तर त्यांत पारा असतो हें ध्यानांत ठेवून खिडक्या उघडाव्या आणि तुकडे हातानें न उचलतां जाड कागदानें गोळा करावे.

तेव्हां हा दिवा घ्यावा कीं न घ्यावा? पाणी वारंवार हिरवें होतें आणि ऊन, प्रकाश व खाद्य आवरूनही तें निवळत नाहीं, अशा घरीं अवश्य घ्यावा. एकाहून अधिक टांक्यांतून पाणी फिरत असेल तेथेंही घ्यावा. परंतु ठिपक्यांच्या रोगाचें भय असेल, तर त्याच पैशांत एक लहानशी दुसरी टांकी घेणें अधिक शहाणपणाचें आहे. बाजारांतून आणलेला नवा मासा तींत तीन-चार आठवडे निराळा ठेवावा, त्याच्याकडे रोज नीट पाहावें, आणि तो निरोगी ठरला म्हणजेच इतरांत सोडावा. रोग घरांत येतो तो बहुतकरून ह्या नव्या पाहुण्याच्या अंगावरून, आणि त्या वाटेवर कोणताही दिवा बसविलेला नसतो. तेथें पाहणारे डोळे आपलेच असावे लागतात.